हलीमाबी आणि अर्जदार क्रमांक एक

हलीमाबी समोरच्या माणसाला नाव विचारीत नसे; ती आधी त्याचे मनगट धरी. बांगड्या भरण्याचा व्यवसाय असल्यामुळे बायकांच्या बाबतीत ते एक वेळ ठीक होते; परंतु कळमनुरीच्या तहसील कचेरीसमोर, चार पक्षकारांच्या देखत, तिने माझेही मनगट धरले, तेव्हा मला ते मुळीच रुचले नाही. मी अर्जनवीस आहे. सातवीपर्यंत शिकलो, त्यातली चार वर्षे उर्दूत; आणि माझ्या हातचा मसुदा पाहून एका नायब तहसीलदारांनी ‘हे कोणा वकिलाचे काम दिसते’ असे उद्गार काढले होते. त्या हाताकडे पाहून ही बाई म्हणाली, “मुन्शीजी, हात तर कापसावानी मऊ हाये. मंग काहून कापून राहिला? कोनाला भेता?”

“थंडी आहे,” मी म्हणालो.

“व्हय, चैताची थंडी लई वाईट,” ती म्हणाली आणि भोवतालची माणसे हसली.

गेल्या हिवाळ्यात ती वारली. वाचकांपैकी कोणी तिला पाहिले असण्याचा संभव नाही, म्हणून सांगतो : उंच, हाडाची रुंद, विटक्या हिरव्या लुगड्यातली, पायांत पुरुषी वहाणा घालणारी बाई. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती डोंगरकडा, वारंगा फाटा, कुरुंदा असा बाजारांचा फेरा पायी करीत असे. नवरा लवकर वारला होता, मूलबाळ नव्हते. माहेर तेलंगणाकडचे असल्यामुळे तिला तेलुगू येई. कोणत्या घरी सून उपाशी राहते, कोणत्या घरी मार खाते, हे तिला कोणी सांगावे लागत नसे. “बांगडी खोटं बोलत न्हाई. मानूस वाळलं की ती आधी ढिली पडती,” असे तिचे म्हणणे. डोंगरकड्याच्या एका मातबर सासूला तिने ओसरीवर बसून ऐकवले होते, “बाईसाब, सुनंची बांगडी कोपराच्या वर चढून राहिली. आता बाजूबंद म्हनून घालायची का तिनं?” त्या घरचे दार तिला वर्षभर बंद झाले. सुनेला मात्र त्या रात्रीपासून भाकरी मिळू लागली, असे म्हणतात.

दुष्काळ सरल्यानंतरच्या काळात आमच्याकडे कालव्याचे खोदकाम चालू होते. त्यावर तेलंगणातल्या पालमूरकडची माणसे आणली होती. काळीसावळी, तेलुगू बोलणारी, मातीकामात तरबेज. गावाला त्यांच्याशी कर्तव्य नव्हते. ती परमुलखातली, त्यांच्या पालांपाशी कोणी जात नसे आणि मुकादमाचे लाठीवाले त्यांना पालांबाहेर पडू देत नसत. काम पुरे झाल्याखेरीज कोणी हलायचे नाही, असा मुकादमाचा हुकूम होता. दवाखान्यातसुद्धा नाही. त्या उन्हाळ्यात पालांतली तीन लेकरे तापाने गेली. आत जाण्याची मुभा एकट्या हलीमाबीला होती, कारण बांगडीवालीला कोणी माणसात धरीत नसे.

“मुन्शीजी, येल्लम्मा म्हनून येक बाई हाये,” एके दिवशी ती मला सांगू लागली. “दिवाळीला तिला बांगडी भरली तवा घट झाली हुती, साबन लावून चढवली. आज तीच बांगडी हात खाली सोडला की मातीत पडती. येक लेकरू गेलं तिचं, दुसरं तापलंय. तिला फकस्त घरी जायचंय. सरकारला तेवढं लिवा.”

मी म्हणालो, “तुमचा संबंध काय? त्यांनी यावे.”

“येता आलं असतं तर अर्ज कशाला लागला असता?” ती म्हणाली.

तिच्या अंगणात त्यासाठी बैठक भरली, तिला मी हजर होतो. सालगड्यांचा म्होरक्या सोनाजी आला होता. तो बौद्ध; बोलायला कडक. “आज त्यांनला डांबलंय, उद्या आमाला डांबतील. आमचे मालक, हे वाडेवाले, बघूनच राहिले,” तो म्हणाला. दुसरा रानबा धनगर; त्याची मेंढरे पालांशेजारच्या रानात बसत, म्हणून आतल्या बातम्या त्याच्याकडून मिळत. रानबाने येताना स्वतःचा पितळी पेला कमरेला बांधून आणला होता. हलीमाबीच्या घरी, त्यातून सोनाजीच्या पंगतीला, पाणी प्यायचे म्हणजे त्याला प्रश्नच होता. हलीमाबीने पेला पाहिला आणि म्हणाली, “आनलास ते बरं केलंस, रानबा. माज्याकडं दोनच हायेत. तुजं झालं की त्यातच सोनाजीला देते.” सोनाजी खाली मान घालून हसला. रानबाने पेला परत कमरेला बांधला आणि बैठक संपेपर्यंत तहानलेला बसला. पुढच्या बैठकीला मात्र तो पेल्यावाचून आला.

आठवडाभराने हलीमाबीने टोपलीच्या तळातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तिने कागदाच्या मधोमध एक मोठी बांगडी ठेवून तिच्या भोवतीने पालांतल्या चाळीसेक जणांचे अंगठे उठवून घेतले होते. जांभळ्या शाईचे नुसते कडे. आमच्याकडे सालगड्यांत ही जुनी रीत आहे : गोलात अंगठे दिले म्हणजे पहिला कोण, शेवटचा कोण, हे कोणाला कळत नाही.

मला हसू आले. “हा अर्ज आहे की रांगोळी? सरकारदरबारी अर्जदारांना क्रमांक असतो. नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, धंदा, आणि समोर निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची.”

“पैला नंबर कोनाचा?” तिने विचारले.

“जिची हकीकत सर्वांत बळकट, तिचा. येल्लम्माचा.”

तिने त्या जांभळ्या कड्यावरून बोट फिरवले. मग म्हणाली, “गोल ऱ्हाऊ द्या, मुन्शीजी.”

“कायदा तुम्हाला कळतो की मला?”

लिहिता न येणाऱ्या माणसाचा लिहिणाऱ्यावर जो विश्वास असतो, तो मी माझ्या धंद्यात पुष्कळ पाहिला आहे आणि वापरलाही आहे. तिने सगळी नावे मला तोंडपाठ सांगितली, बायकांची तर बांगडीच्या मापासह. मी सुवाच्य अक्षरात यादी केली. ती कागद घेऊन पुन्हा पालांत गेली आणि अंगठे पुन्हा घेऊन आली. तो माझ्या हातून उतरलेला सर्वोत्तम अर्ज होता, हे आजही म्हणेन.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. अर्ज ज्याच्याविरुद्ध असतो, त्याच्याकडेच तो खुलाशासाठी जातो. ही कचेरीची नेहमीची पद्धत आहे आणि ती मला वीस वर्षे ठाऊक होती. अर्ज तहसिलीतून बांधकामाच्या कचेरीत गेला, तेथून ठेकेदाराकडे, आणि पाचव्या दिवशी मुकादमाच्या हातात. मुकादमाला वाचता येत होते. त्याने यादीतली पहिली ओळ वाचली.

पुढचे रानबाने पाहिले. मुकादमाने येल्लम्माचा डावा हात दगडावर ठेवला आणि अंगठ्यावर घण घातला. क्रमांक दोन ते दहा यांना ते पाहायला समोर उभे केले होते. तिचा नवरा नागय्या याला दोघांनी धरून ठेवले होते.

चौकशीला अव्वल कारकून आले. मीही सोबत होतो, कारण अर्जावर माझी सही होती. त्यांनी पहिल्या अर्जदाराला पुढे बोलावले. येल्लम्माच्या हाताला लुगड्याची चिंधी बांधलेली होती. कारकुनांनी ती सोडवून पाहिली, पुन्हा बांधायला सांगितली आणि टिपणात लिहिले की प्रथम अर्जदाराची निशाणी ताडून पाहता येत नाही. क्रमांक दोनला विचारले, हा अंगठा तुझा काय? तो नाही म्हणाला. तीन नाही म्हणाला. चाळीस जण ओळीने नाही म्हणाले. अर्ज खोटा ठरला. खोटे अंगठे उठवल्याबद्दल हलीमाबीला ठाण्यात नेले. जमादाराने मला विचारले, “हे कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं?” मी म्हणालो, “या बाईच्या.” ते खरेच होते.

येल्लम्मा बाराव्या दिवशी धनुर्वाताने गेली. तिला दवाखान्यात नेऊ दिले नाही.

हलीमाबी दोन दिवसांनी ठाण्यातून सुटली होती. येल्लम्माला माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कचेरीसमोर माझ्या बसायच्या तरटावर येऊन बसली. मला वाटले, शिव्या देईल. ती म्हणाली, “दुसरा लिवा. पैला नंबर माजा घाला.”

“तुमचा संबंध—”

“आता हाये. दोन रोज कोठडीत बसून आले.”

मी लिहिले. क्रमांक दोन सोनाजी, तीन रानबा, त्याखाली सालगड्यांची नावे, मुसलमान, बौद्ध, धनगर, मराठे, जशी आली तशी. मी स्वतःचे नाव ‘लिहिणार’ म्हणून खाली, शेवटी घातले. या खेपेला अर्ज तहसिलीत दिला नाही. हे पहिले तिघे परभणीला गेले आणि कलेक्टरसाहेबांच्या हातात देईपर्यंत दोन दिवस दारात बसून राहिले. पंधरवड्यात हुकूम आला : मजुरांना जाऊ द्यावे. मुकादमावर काही झाले नाही. सोनाजीला मालकाने सालावरून काढले. वाडेवाल्यांनी आपल्या बायकांना बजावले की हलीमाबीच्या हातून बांगडी भरायची नाही, आणि जिच्या टोपलीतल्या बांगड्या भरून त्यांची लग्ने झाली होती, तिला त्या बायका दारांतून परत पाठवू लागल्या.

पालमूरची माणसे निघाली त्या दिवशी मी धुतलेला कोट घालून वारंगा फाट्यावर गेलो; हलीमाबी आधीच येऊन उभी होती. हुकूम माझ्या मसुद्यावर झाला होता. दोन शब्द कोणी बोलेल, अशी माझी समजूत होती. माणसे ट्रकमध्ये चढत होती. नागय्या तापातून उठलेले लेकरू खांद्यावर घेऊन आमच्यापाशी आला. माझ्याकडे पाहून त्याने हलीमाबीला तेलुगूत काही विचारले. ती दोनच शब्द बोलली. नागय्या तिच्या तोंडावर थुंकला. मग तो ट्रकमध्ये चढला.

“काय म्हणाला तो?” मी विचारले.

तिने पदराने गाल पुसला. “इचारत हुता, माज्या बायकूचं नाव पैलं कोनी घातलं.”

“मग?”

“म्हनलं, मी घातलं.”

“असे का?” मी विचारले. ती म्हणाली, “तुमचं नाव सांगितलं असतं तर पालापालांत बोभाटा झाला असता, मंग हितून फुडं गरिबाचा येक अंगठा तुमच्या कागदावर आला नसता. आन दुसरा लिवनारा कुटं हाये आमाला?”

ट्रक अजून उभा होता. नागय्या फळीला धरून वरून तिच्याकडे पाहत होता. चार पावले पुढे जाऊन खरे सांगायला मला वेळ होता. ट्रक सुरू होऊन नांदेडच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.