पुलावरचा पहारेकरी

वणीची उर्वशी टेबलावरच्या खेळांची परीक्षणं मोबाइलवर बोलून टाकायची. चौघांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, तोंडानं गोष्ट पुढे न्यायची आणि अडलं की फासा टाकायचा, असे हे खेळ. त्यांच्या पुस्तकातली चित्रं नि कागदच वाखाणणाऱ्यांवर ती भडकायची. "लग्नाले जाता अन् पत्रिकेचीच तारीफ करून येता काय? जेवण कसं होतं ते सांगा ना!" स्वतः खेळल्याशिवाय ती चकार शब्द काढत नसे.

या वेळचा खेळ अर्ध्यावर आला असताना तिचा भाऊ धम्मरत्न चंद्रपूरच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला.

महिन्याभरानं उरलेली तिघं पुन्हा खेळायला बसली. कोणी रडलं नाही. गोष्टीत धम्मरत्नचा पहारेकरी पुलावर उभा होता आणि आता डाव त्याचाच होता.

"त्याचा डाव कोण खेळन?" मैत्रीण शीलानं हळूच विचारलं.

उर्वशीनं नियमांचं पुस्तक चाळलं. पात्र मेलं तर काय करायचं, यावर अख्खं प्रकरण होतं. पण पहारेकरी धडधाकट होता, त्याला साधा ओरखडाही नव्हता.

"राहू दे त्याले उभा," ती म्हणाली आणि फासे डब्यात भरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइल समोर धरला आणि सपाट आवाजात परीक्षण बोलून टाकलं.

"कागद चांगला आहे. चित्रंही चांगली आहेत."