बुटकी गाडी

अहमदपूरच्या मार्केट यार्डात गाडीची पत तिच्या उंचीवरून ठरते. आत चढताना पाय किती वर उचलावा लागतो आणि शेजारच्या अडत्याच्या गाडीपेक्षा आपलं छत वर दिसतं की खाली, एवढ्यावर निकाल लागतो. रंग पांढरा हे तर विचारायचंही नाही. ब्रेक, स्टिअरिंग वगैरे कंपनीनं बघायचं, आपण रुबाब बघायचा. मी याच यार्डातल्या एका अडत्याची मुलगी, त्यामुळे हे शहाणपण मला घरबसल्या मिळालं.

अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर घरात ते आणि माझा धाकटा भाऊ असे दोघंच उरले. भाऊ त्यांच्याबरोबर अडत बघायचा. मी शिकून बाहेर पडले, नांदेडला राहते आणि विष्णुपुरीच्या बाजूला एका कॉलेजात मुलांना मेकॅनिकल शिकवते. वळणावर गाडीचा तोल कसा राहतो, हा माझा दरवर्षीचा धडा. वर्गातली मुलं तो परीक्षेपुरता ऐकतात. माझ्या भावानं मात्र तो सोयाबीनच्या पोत्यावर बसून, फोनवरून, जीव लावून ऐकला होता.

त्याला बुटकी गाडी हवी होती. दोन दारांची, जमिनीलगत बसलेली, रुंद चाकांची. शर्यती लावायच्या नव्हत्या त्याला. मालाच्या कामानं रोज लातूरला ये-जा असायची आणि तो म्हणायचा, रोजचाच रस्ता आहे तर चालवताना हाताला बरं तरी वाटावं. आधी फोटो पाठवायचा, मग लगेच फोन. अक्का, हिचं वजन खाली आहे का, ही वळणावर झुकते का, अचानक हात फिरवला तर मागचा भाग सुटतो का. मी सांगायचे की वजन खाली आणि चाकं फाकलेली असली की गाडी सहजासहजी कलंडत नाही. तो माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांपेक्षा हुशार होता आणि त्याला कधी कुणी पेपर दिला नाही.

अप्पांनी एका वाक्यात विषय संपवला. "भुईला टेकलेली गाडी घिऊन यार्डात येशील, अन् लोक म्हंतील अडत्या बसला." मग उंच पांढरी गाडी आली. चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हार चढला, नारळ फुटला, पेढे वाटले. भावाचा गाडीशेजारचा फोटो मला आला. तो हसत होता आणि ते हसू खोटं नव्हतं. मिळेल त्यात रमायचा त्याचा स्वभाव. त्याचाच मला अजून राग येतो. एकदा तरी भांडायचं होतं.

चाकूरजवळच्या वळणावर, दिवस मावळायच्या सुमारास, रस्त्यात रोही आलं. नीलगायीला आमच्याकडे रोही म्हणतात, पिकं खाऊन माजलेली असतात ती. भावानं गाडी झटकन डावीकडे घेतली आणि लगेच उजवीकडे सावरली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं सगळं पाहिलं. रोही कधीच निघून गेलं होतं. पुढे रस्ता मोकळा होता, आणि त्या मोकळ्या रस्त्यावर गाडी एका अंगावर गेली, लोळली आणि नाल्यात पडली.

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, बसवूनच नेतात आणि मातीतही तसंच बसवतात, डाव्या हातात त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. भाऊ बसेना. त्याची मान राहत नव्हती. जंगम स्वामींनी कापड बांधून पाहिलं, ते सरकलं. शेवटी अप्पा त्याच्या पाठीमागे बसले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, घरापासून मळ्यापर्यंत, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून राहिले. मी ट्रॉलीमागून चालत होते. मला फक्त त्यांचे हात दिसत होते.

त्यानंतर अप्पा गाडीत बसले नाहीत, कुणाच्याच. पुढे त्यांच्या किडन्या गेल्या आणि लातूरला डायलिसिस सुरू झालं, तरी ते एसटीनंच जायचे. सुईच्या जागी पट्टी, रक्तदाब उतरलेला, जागा मिळाली नाही तर दांड्याला धरून उभे. एकदा चक्कर येऊन बसमध्येच पडले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे हाल असेच राहिले तर ते यायचे थांबतील, आणि थांबले तर फार दिवस काढणार नाहीत. तेव्हा मी ठरवलं, गाडी घ्यायची आणि त्यांना तिच्यात बसवायचं.

कुठली, यावर सगळ्यांनी फुकट सल्ले दिले. आजारी माणूस आहे, मऊ आणि ऐसपैस घे. मी ऐसपैस गाड्या चालवून पाहिल्या. वळणावर त्या डुलायच्या आणि मी तिथूनच परत फिरायचे. एक गाडी सरळ रस्त्यावर भन्नाट पळाली, पण तिच्या स्टिअरिंगला काही कळतच नव्हतं, मी फिरवायचे आणि ती मग विचार करायची. शेवटी हैदराबादला एका जुन्या गाड्यांच्या दुकानात ती सापडली. लाल, दोन दारांची, भावानं फोटो पाठवलेल्यांपैकीच एक. शहराबाहेरच्या रस्त्यावर मी मुद्दाम जोरात वळण घेतलं. हात फिरला आणि गाडी वळली, मध्ये ना झोल, ना उशीर. मी गाडी कडेला घेऊन रडले. शेजारी बसलेल्या विक्रेत्याला वाटलं, किंमत ऐकून.

रोजच्या वापराला ती गैरसोयीचीच होती. रस्त्यातला प्रत्येक खड्डा पाठीत कळायचा. गतिरोधकाला पोट घासायचं, म्हणून मी तिरकी घालायला शिकले. कॉलेजात विचारलं गेलं, मॅडम, ही चालवता की पायात घालता? मी हसले. पण ती गाडी मी हौसेनं घेतली नव्हती, रागानं घेतली होती. अप्पांनी तिच्यात बसून त्याच रस्त्यानं जावं आणि आपण काय केलं ते त्यांना कळावं, असं मला वाटत होतं. त्यांनी खूप जगावं, असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

दारात गाडी आली तेव्हा अप्पा तिच्याभोवती फिरले. छत त्यांच्या छातीपर्यंत येत होतं. त्यांनी त्यावर हात ठेवला.

"त्याला पायजे व्हती ती हीच का?"

"हाव," मी म्हणाले.

ते दाराला धरून हळूहळू खाली टेकले आणि बसले. मी भांडणाची तयारी करून आले होते, ती तशीच राहिली. त्या दिवशी लातूर येईपर्यंत त्यांनी सदऱ्यावरून छातीवरचं लिंग धरून ठेवलं होतं. चाकूरच्या वळणावर डोळे मिटले. पुढच्या खेपांना हळूहळू लिंगावरचा हात सुटला. मग वळणावर डोळेही उघडे राहू लागले. मी कॉलेजातले तास डायलिसिसच्या दिवसांप्रमाणे लावून घेतले होते. जाताना ते शेतं बघून कुणाची तूर वाळली आणि कुणाची लागली ते सांगायचे. येताना गळून गेलेले असायचे, पण घरी स्वतःच्या पायांनी उतरायचे. चेहऱ्यावर तजेला आला. आम्ही बापलेक आयुष्यात एवढं कधी बोललो नव्हतो. भावाबद्दल मात्र दोघंही बोललो नाही.

एका दुपारी आम्ही परत येत होतो. शिरूर ताजबंदच्या अलीकडे, झाडीआडून, उलट्या बाजूनं एक ट्रॅक्टर थेट समोर आला. मागे उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली. विचार करायला वेळ नव्हता. मी गाडी डावीकडे फेकली, ट्रॅक्टर बाजूनं गेला तोच पुढे मोटारसायकल दिसली, तशी परत उजवीकडे ओढली. टायर किंचाळले. गाडी गेली आणि आली, जरासुद्धा कलली नाही. अप्पांच्या मांडीवरची पिशवी खाली पडली, बाकी काही झालं नाही. मोटारसायकलवाला शिव्या देत निघून गेला.

मी कडेला थांबले. अप्पांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि समोर बघत बसले.

"बाई, त्या दिवशी ही गाडी असती तर?"

या प्रश्नाचं उत्तर मी किती दिवस तोंडात घेऊन फिरत होते. तो विचारला गेला तेव्हा मात्र मी वेग किती होता, रस्ता ओला होता का, असलं काहीबाही बोलू लागले.

"तू मास्तरीन हायस," ते म्हणाले. "खरं सांग."

"वाचला असता," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मागे आरशात तो ट्रॅक्टर अजून दिसत होता. "ऊस वर लादला की ट्रॉली कलंडती, हे मला कळत व्हतं," ते म्हणाले. "जल्मभर कळत व्हतं. समद्यास्नी सांगत व्हतो."

पुढच्या खेपेला मी दारात हॉर्न वाजवला तेव्हा ते ओसरीवर बसले होते, सदरा न घालता. आता बास, म्हणाले. मी ओरडले, रडले, नातेवाईक गोळा केले, डॉक्टरांशी फोन जोडून दिला. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि उठले नाहीत. मी त्यांना म्हणाले, मी खोटं बोलले होते, कुठलीच गाडी त्याला वाचवू शकली नसती. ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

"गाडी चांगली हाय," म्हणाले. "तू हीच वापर."

अंगावर सूज चढत गेली, मग श्वास लागायला लागला. डॉक्टर म्हणाले होते तसंच, फार दिवस लागले नाहीत.

स्वामींनी अप्पांना मांडी घालून बसवलं आणि सवयीनं कापड मागितलं. कापड लागलं नाही. मान ताठ होती, पाठ भिंतीला टेकलेली, डाव्या हातात लिंग. लोक म्हणाले, कसे बसलेत बघा. मळ्यापर्यंत ट्रॉली खड्ड्यांतून हेलकावे खात गेली आणि ते तसेच बसून राहिले. तरी मी ट्रॉलीत चढले आणि त्यांच्या मागे जाऊन बसले, दोन्ही हात त्यांच्या डोक्याच्या बाजूंना धरून. गरज नव्हती. कुणीतरी मला खाली उतर म्हणालं. मी उतरले नाही.