हवालदार तेवढा चांगला होता

मुलीला बघायला अकलूजहून जो मुलगा आला होता, त्याने एकच चूक केली. माझ्या नवऱ्याने विचारलं, "रिकाम्या वेळी काय करता?" वाचन, व्यायाम, ट्रेकिंग असं काहीतरी सांगायचं असतं. खरं असो वा नसो, सगळे तेच सांगतात. हा सरळ म्हणाला, "काका, मोबाईलवर एक पोलिसांची मालिका बघतोय सध्या. फार आवडली आहे." आणि नावही सांगितलं.

माझे यजमान त्याच वर्षी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक: चांगली' लिहिण्यात गेलेलं. पाहुणे गेले, कांदेपोह्यांच्या बशा मी उचलल्या आणि हे मुलीला म्हणाले, "ती मालिका लाव. बघू, जावयाला काय आवडतं ते."

पहिल्याच भागात त्या मालिकेतला इन्स्पेक्टर मेलेल्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळ काढून स्वतःच्या खिशात टाकतो. मग एका निरपराध पोराला कानाखाली वाजवतो. घरी येऊन बायकोला खोटं सांगतो. ह्यांनी टीव्ही बंद केला.

"हा माणूस आवडतो त्याला?"

"मालिका आवडते म्हणाला तो," मुलगी म्हणाली.

"मालिका म्हणजे माणसंच की! त्यात एक तरी धड माणूस आहे का?"

मुलगी उठून आत गेली. मी मागोमाग गेले. ती कपाटात कपड्यांच्या घड्या घालत होती, आधीच घातलेल्या. आजवर आलेल्या प्रत्येक स्थळाला तिने काहीतरी नाव ठेवलं होतं. एकाचं हसणं, एकाची आई, एकाचे बूट. मी विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"मला हाच हवा," ती म्हणाली. "आणि बाबा त्याला एका चोर पोलिसासाठी नाकारणार आहेत."

पुढच्या रविवारी आम्ही त्यांचं घर बघायला जाणार होतो. होकार की नकार, ते तिथेच सांगायचं होतं. म्हणजे हातात एक आठवडा आणि उरलेली अख्खी मालिका होती.

नवी पेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. दिवसभर बायका येतात. बहुतेक चांगल्या असतात, रंग बघतात, कापड घेतात, जातात. त्यांच्यातली एकही मला संध्याकाळपर्यंत आठवत नाही. पण एक बाई आहे, जांभळी साडी घेऊन येणारी. सगळे जांभळे तागे खाली काढायला लावते, एकेक उंबऱ्यापाशी उजेडात नेऊन बघते, "तुमच्याकडे जांभळाच नाही" असं ऐकवते आणि निघून जाते. दोन दिवसांनी परत येते आणि पहिलाच तागा निवडते. वर मलाच विचारते, "हा परवा का नाही दाखवलात?" घरी जेवताना मी तिची नक्कल करते आणि हे ठसका लागेपर्यंत हसतात.

त्या आठवड्यात एका रात्री जेवताना ह्यांनी स्वतःच विचारलं, "जांभळी आली होती का गं आज?"

मी भाकरी वाढता वाढता म्हटलं, "तुम्हाला ती आवडते का?"

"छे! असल्या बाईला मी दारात उभं करणार नाही."

"मग रोज का विचारता?"

"म्हणजे काय? पुढे काय करते ते नको का कळायला?"

"हेच तो मुलगा म्हणतोय."

हे भाकरीचा तुकडा शेंगांच्या चटणीत बराच वेळ फिरवत राहिले. मी मालिका-बिलिका फारशी बघत नाही, पण दुकानात बसून एवढं मला कळलं आहे. ज्यांच्याशी संसार करायचा ती माणसं चांगली लागतात. नुसती बघायची ती नुसती चांगली असली तर अर्ध्या तासात झोप येते. वाईट माणूस काचेच्या पलीकडे असला आणि आपल्या कामात हुशार असला, की आपण जागे राहतो. त्यात बघणाऱ्याच्या चारित्र्याचा काही संबंध नाही.

त्या रात्री ह्यांनी मालिका पुन्हा लावली, पण ह्यांना धड माणूस हवाच होता आणि शेवटी तो त्यांना सापडला. त्या चौकीत एक वयस्कर हवालदार होता. सगळ्यांना चहा आणून द्यायचा, भटक्या कुत्र्यांना बिस्किटं घालायचा, मयताच्या आईला पाणी द्यायचा. त्याच्या जोरावर हे भागामागून भाग बघत सुटले. "हवालदार तेवढा चांगला आहे," असं रोज एकदा तरी म्हणायचे. मुलगी पलीकडून दर भागाला विचारायची, "मग बाबा, होकार ना?" हे म्हणायचे, "संपू दे. शेवट बघू, मग ठरवू."

शनिवारी शेवट आला. सगळे खून हवालदारानेच केले होते.

मला हसू आवरेना. हे मात्र शाळेतला लाडका विद्यार्थी कॉपी करताना सापडावा तसे बसून होते. होकाराचं त्या रात्री कोणी विचारलं नाही.

रविवारी आम्ही तिघं गाडी काढून अकलूजला गेलो. हल्ली मुलीही जातात घर बघायला. मुलगा तिथल्या एका डेअरीत इंजिनिअर आहे. घर नेटकं, आईवडील मोकळे. मी नेलेली शेंगाचटणी त्याच्या आईने लगेच चाखून बघितली आणि म्हणाली, "लई झाक झालीया. बसा की ताई, असं अवघडून का बसलाय?"

चहा आला आणि हे मुद्द्यावर आले. "तो इन्स्पेक्टर तुम्हाला आवडतो?"

मुलगा गोंधळला. "नाही काका. असा साहेब मला मिळाला तर मी नोकरी सोडीन. पण तो सुटतो का सापडतो, ते बघितल्याशिवाय राहवत नाही."

"मी बी बघती की ती," त्याची आई म्हणाली. "एक माणूस धड न्हाय त्यात. पण सोडवत न्हाय बगा."

ह्यांचा चेहरा उजळला. आठवडाभर मनात साठलेलं सगळं बाहेर आलं. "अहो, धड नाही म्हणजे काय! मी त्या हवालदारावर विश्वास टाकला होता. इतका सालस माणूस, आणि निघाला काय? सगळे गळे त्यानंच आवळलेले!"

मुलाने डोळे मिटून घेतले. त्याच्या आईने कप खाली ठेवला.

"मी निम्म्यावर आलते," ती म्हणाली. "सांगून टाकलं की वो तुमी!"

आणि उठून आत गेली.

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. इन्स्पेक्टरने मोडलं नाही ते लग्न आता बाबा मोडणार, हे त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मुलाची आई ओट्याशी, दाराकडे पाठ करून उभी होती.

"ताई, ह्ये कायम असंच करत्यात?"

"कायम," मी म्हटलं. खोटं सांगून काय उपयोग होता? "पेपरातलं कोडंसुद्धा मला सोडवू देत नाहीत."

"पोरगी तशी न्हाय न्हवं?"

"नाही. तिला शेवट कालच कळलाय. येताना गाडीत तुमच्या मुलाशी फोनवर बोलली, पण एक शब्द काढला नाही. त्याचाही शेवटचा भाग राहिलाय म्हणे."

तिचे खांदे हलले. मला वाटलं रडते की काय. वळली तर हसत होती. "म्हंजी माझ्या पोराचाबी सत्यानाश केला की तुमच्या मालकानं!"

बाहेर येऊन ती ह्यांच्यासमोर उभी राहिली. "पाव्हणं, पोरगी आमाला पसंत हाय. तुमचं तुमी बगा."

हे उठून उभे राहिले, चुकलेल्या विद्यार्थ्यासारखे. "आमचा होकार आहे," म्हणाले. "मुलगा चांगला आहे."

"हवालदारासारखा?" मुलीने विचारलं. सगळ्यात मोठ्याने मुलाचे वडील हसले.

लग्न होऊन गेलं. आता त्या मालिकेचा दुसरा सीझन आला आहे आणि ह्यांना त्यातली एक नर्स फार भली वाटते. विहीणबाई ह्यांच्या आधी बघून मोकळ्या झाल्या आहेत आणि रोज न चुकता फोन करतात. त्यांचं नाव दिसलं की हे फोन माझ्या हातात देतात आणि खोलीबाहेर जाता जाता सांगतात, "बोल तू. पण स्पीकरवर टाकू नकोस."