वाघमारे सरांचे उलटे बाण

सरांवर लिहायचा अधिकार माझा नाही. माझ्याहून हुशार विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले. पण त्यांच्या नकाशात जी चूक मी केली, ती दुसऱ्या कुणी केली नसेल. म्हणून धीर करतो. उणं-अधिक झालं तर सांभाळून घ्यावं.

वाघमारे सर लातूरच्या कॉलेजात आम्हाला पदार्थविज्ञान शिकवत. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. दुष्काळ मात्र जुनाच होता. टँकरच्या रांगेत सर पालथ्या घागरीवर फळी ठेवून नकाशा भरत बसत. तो आपल्या आकाशगंगेतल्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा होता. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरींना हे क्षेत्र वाटेत पीळ घालतं. पीळ कुठल्या बाजूला, त्यावरून क्षेत्राची दिशा कळते. सर उन्हाळी सुट्टीत दक्षिणेतल्या रेडिओ दुर्बिणीवरून मोजमापं आणत आणि वर्षभर एकेक बाण काढत. अधिक म्हणजे आपल्याकडे येणारा, वजा म्हणजे दूर जाणारा.

रांगेतली एक मावशी त्यांना रोज टोचायची. "मास्तर, आभाळ मोजून राहिलात, तिथं पाणी दिसतंय का बगा की!"

"न्हाई ओ मावशी. नुसतं लोहचुंबक हाय."

"मग काय कामाचं?"

"ते अजून मलाबी कळलं न्हाई."

सरांनी मला आकडेमोड करायला दिली. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. एका पट्ट्यात सगळीकडे अधिक येत होतं, मध्येच सहा वजा आले. पुन्हा केलं, तरी वजाच. वाटलं, चूक आपलीच असणार. गुपचूप सहाही अधिक करून टाकले. नकाशा सुबक दिसू लागला.

नकाशा आणि लेख एका विज्ञानपत्रिकेकडे पाठवायच्या पाकिटाला सर डिंक लावत होते, तेव्हा मला राहवलं नाही. "सर, ते सहा वजा होते. मी बदलले."

"का रे?"

"शेजारचे सगळे अधिक होते, सर."

"मग? शेजाऱ्याला इचारून बाण काढून राहिलास व्हय?" त्यांनी पाकीट फाडलं. "आभाळ चुकलं आसंल तर चुकू दे. आपण सुधारायचं न्हाई."

सहाही आम्ही मिळून पुन्हा मोजले. वजाच आले. लेख गेला आणि काही महिन्यांनी संपादकांच्या शेऱ्यासह परत आला: हे सहा बहुधा विद्यार्थ्याच्या चुका असाव्यात, ते वगळल्यास छापू.

मी रडवेला झालो. "काढून टाका, सर."

"तू मोजलंस का न्हाई?"

"मोजलं."

"मग ऱ्हाऊ दे."

नकाशा कधीच छापला गेला नाही.

पुढे मी नांदेडला शिक्षक झालो. सर निवृत्त होऊन इस्लापूरला गेले. पुष्कळ वर्षांनी ग्रंथालयात एक मासिक चाळताना वाचलं: मोठ्या दुर्बिणींनी नव्यानं मोजलं, तर त्याच पट्ट्यात क्षेत्र उलटं फिरलेलं आढळलं. त्याच दिवशी सरांना पत्र टाकलं.

दीड महिन्यानं त्यांच्या मुलीचं उत्तर आलं.

"तुमचं पत्र बाबांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा म्हणाले, 'सहाच्या सहा तसेच निघाले का, इचार त्याला.' मी लगेच लिहिणार होते, पण बाबा त्याच आठवड्यात गेले. परवा त्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला. विचारायचं राहून गेलं."