काचेतला राजा आणि शेडमधल्या अस्थी

इजिप्तहून परत आल्यापासून मला मागच्या अंगणातली शेड बघवत नाही. तिथे ह्यांच्या अस्थी आहेत. आम्ही दोघं आयर्लंडमध्ये ॲथलोनला मुलाकडे आलो होतो आणि हे इथेच गेले. अस्थी घरात ठेवत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात. पण शेजारी काय म्हणतील, म्हणून मुलाने शेडमध्ये खिळा ठोकून दिला. गवत कापायच्या मशीनच्या वर, पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवल्यात. उन्हाळ्यात नाशिकला नेऊ म्हणाला होता. उन्हाळ्यात सुट्टी मिळाली नाही. नंतर मिळाली, ती इजिप्तला गेली. "आई, तुलाही जरा बदल होईल," म्हणाला. मला तोंडावर नाही म्हणता येत नाही.

तिथे राजांची थडगी डोंगराच्या पोटात आहेत. उतरत उतरत आत जायचं. भिंतींवरचे रंग अजून ताजे वाटतात. एका थडग्यात काचेच्या पेटीत राजा झोपवला होता. अंगावर कापड, तोंड आणि पाय उघडे. पाय काळे, वाळलेले. मी चपला काढल्या आणि हात जोडले. मागची माणसं खोळंबली.

"अहो आई, चपला घाला, देऊळ नाहीये हे," सून हळूच म्हणाली.

"आजी, ही इज ग्रँड, ही डझन्ट माइंड," नात म्हणाली.

सगळे फोटो काढत होते. मला एवढंच वाटत होतं की ह्याला अजून कोणी सोडलेलं नाही. हॉटेलवर जाऊन मी डोक्यावरून अंघोळ केली.

काल मुलगा जेवायला बसल्यावर मी विचारलं, "ह्यांना कधी न्यायचं?"

"दिवाळीनंतर बघू गं. नाहीतर शॅनन आहेच की, चालत जाऊन येऊ. नदी ती नदी."

शॅनन मी रोज बघते. चांगली आहे. पण ह्यांचा तिच्याशी काय संबंध? हे गोदावरीत पोहायला शिकले.

"मी एकटी नेते."

"तू? दुबईला विमान बदलता येईल तुला?"

"येईल."

येणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. विमानतळावरचा एकही बोर्ड मला धड वाचता येत नाही.

"अरे, तिकीट बघ ना," सून म्हणाली. "तुम्हा दोघांचं बघ."

त्याने फोन काढला. एरवी मी आत निघून गेले असते. काल पोळीचा डबा हातात धरून तिथेच उभी राहिले. तो बराच वेळ बोट फिरवत होता, आणि मी हलले नाही.