चार व्हॉल्व्ह, दोन जोड्या

टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं तिनं लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. ‘नंबर प्लीज’ हे दोन शब्द ती इतक्या लडिवाळपणे म्हणायची, की गल्लीत तिचं नावच ‘नंबरप्लीज’ पडलं. स्वतःच्या धाकट्या भावाचा नंबर मात्र नऊ वर्षांत तिनं एकदाही फिरवला नव्हता. महिन्याकाठी भावजयीचा फोन यायचा, तेव्हा मागून त्याचं खोकणं ऐकू आलं की तिला तेवढंच बरं वाटायचं.

भांडण झालं होतं ते बाहेरच्या खोलीतल्या अँप्लिफायरवरून. धाकट्यानं कॉलेजात असताना तो स्वतःच्या हातानं बांधला होता. वर जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे चार मोठे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्सफॉर्मर, आणि वजन असं की उचलताना दोघांचे श्वास फुलावेत. नोकरीसाठी दूरच्या गावी बिऱ्हाड हलवताना तो न्यायला आला, तर ही दारात आडवी उभी.

“हा इथंच राहू दे. या निमित्तानं येशील तरी.”

“मी निमित्तानं येणारा वाटतो तुला? ठेव मग. पूजा कर त्याची!”

तिनं खरोखर जवळजवळ पूजाच मांडली. त्यानं शिकवलेलं सगळं ती पाळायची. आधी स्पीकरच्या तारा तपासायच्या, मग बटण. व्हॉल्व्ह तापेपर्यंत रेकॉर्ड लावायची नाही, गार होईपर्यंत हात लावायचा नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ती एकेक व्हॉल्व्ह काढून मऊ सुती फडक्यानं पुसायची आणि जागच्या जागी बसवायची.

त्या रविवारी तिला वाटलं, खालची सॉकेटंही साफ करावीत. म्हणून चारही व्हॉल्व्ह एकदम काढून टॉवेलवर ओळीनं निजवले. परत बसवायला घेतले, तर कुठला कुठे तेच कळेना. धाकट्यानं काचेवर पांढऱ्या शाईनं एक ते चार आकडे घातले होते. आता एकावरही आकडा नव्हता. नऊ वर्षांच्या मायेनं तिनंच ते पुसून काढले होते.

अंदाजानं बसवून बटण दाबलं, तर स्पीकरमधून घूं असा आवाज, आणि थोड्या वेळानं एका व्हॉल्व्हच्या आतला पत्रा निखाऱ्यासारखा लाल. तिनं झटक्यात बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी रेडिओवाला येऊन बघून गेला. “बाई, हे जोडीजोडीनं जमवलेले असतात. तुम्ही यांची घरं मोडलीत! कोण कुणाचा हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. परत असेच लावाल तर ट्रान्सफॉर्मरही जळेल. ज्यानं बसवले त्यालाच विचारा.”

ती आठवडाभर फोनभोवती घुटमळली. हा अँप्लिफायर जळला, तर धाकट्याला या घरी यायचं कारणच उरणार नाही. आणि सांगायचं कुठल्या तोंडानं? पुढच्या रविवारी सकाळी तिनं नंबर फिरवला.

“हॅलो… ताई? ही बाहेर गेलीय.”

“तुझ्याशीच बोलायचंय.”

पलीकडे खोकला. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

“आकडे पुसलेस?”

“धूळ बसते रे.”

“ताई, तू पुसून पुसून माणसाचं नाकसुद्धा घालवशील!” तो हसला. ते हसू ऐकून ती स्टुलावर टेकलीच. “उजेडात धर एकेक. काचेच्या टोकाला आतून आरशासारखा डाग आहे ना? कसा दिसतो?”

“याचा निळसर… याचाही. हे दोघं तपकिरी.”

“निळसर जोडी डावीकडे, तपकिरी उजवीकडे. स्पीकरच्या तारा?”

“घट्ट आहेत. एवढं येतं मला.”

“लाव. पंधरा मिनिटं लाल होतो का बघ. मग रेकॉर्ड.”

तिनं बटण दाबलं. चौघांच्या पोटात हळूहळू नारिंगी उजेड धरला. आता तो फोन ठेवेल, असं तिला वाटलं. त्यानं ठेवला नाही. पंधरा मिनिटं. त्यानं गुडघ्याचं विचारलं, तिनं त्याच्या खोकल्याचं. त्याच्या गच्चीतलं लिंबाचं झाड फुलतं, पण फळ धरत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. कुणीच लाल झालं नाही. तिनं रेकॉर्ड लावून रिसीव्हर स्पीकरसमोर धरला. हात भरून आला तरी गाणं संपेपर्यंत खाली घेतला नाही.

“बरं वाजतंय,” तो म्हणाला. “डावीकडे अजून थोडी गुणगुण आहे. ती फोनवरून जायची नाही.”

“मग कशी जाईल?”

तुटलेल्या लाइनची शांतता वेगळी आणि पलीकडे माणूस असलेली वेगळी, हे तीस वर्षांत तिच्या कानांना पक्कं ठाऊक झालं होतं. ती रिसीव्हर कानाशी धरून बसून राहिली. लाइन चालू होती.