मरून कोटाचा पंचनामा

ती घटना आजही आठवते, अशी सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची पद्धत आहे. माझी गोष्ट जरा वेगळी. मी विसरलो तरी बायको विसरू देत नाही.

तेव्हा मी बुलडाणा जिल्ह्यात, घाटाखालच्या एका तालुक्याला ठाणेदार होतो. नुकताच बदलून आलो होतो आणि एखादी टोळी हाती लागावी अशी फार इच्छा होती. भुरट्या चोराची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. टोळी पकडली की पेपरात ठाणेदाराचा फोटो येतो.

एके दिवशी बसस्टँडसमोरचा मोबाइलवाला तक्रार घेऊन आला. काउंटरवरचा नवा फोन गेला होता. संशय कोणावर, असं विचारलं.

"साहेब, एक मरून कोटवाला पोट्टा हाय. अधूनमधून सकाळी दुकानासमोर येऊन उभा राह्यते. काही घेत नाही, काही विचारत नाही. काचेतून अंदर पाह्यते आन् निंघून जाते."

"चेहरा कसा आहे?"

"चेहऱ्याकडं कोण पाह्यते, साहेब? कोटच असा हाय ना."

गुन्हा दाखल केला आणि स्टँडवरच्या पानटपरीवाल्याला बोलावलं. हा माझा खबरी. त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"साहेब, एक पोट्टा नाही, लय हायेत. पोट्टे बदलतात, कोट तोच राह्यते. कॉलेजामागं एक खोली हाय, तिथून निंघतात. मेंबर झाल्याबिगर कोट भेटत नाही म्हणे. कार्ड असते त्यायच्याजोळ."

मला रात्रभर झोप लागली नाही. कोट ही टोळीची खूण, खोली हा अड्डा, आणि ओळख पटू नये म्हणून दर वेळी वेगळा माणूस. डोक्यात फोटोची पोजसुद्धा ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या वेशात जमादारांना घेऊन स्टँडवर उभा राहिलो. मरून कोट आला. वडनेर भोलजीचा एक सडपातळ पोरगा होता. दुकानाच्या काचेसमोर थांबला, आत पाहिलं, इकडून वळला, तिकडून वळला. मी झडप घातली. सराईत गुन्हेगार पळतो, हा म्हणाला, "नमस्कार सर."

ठाण्यात आणून समोर उभा केला.

"कोट कोणाचा?"

"युनियनचा, साहेब. आमच्या कॉलेजच्या पोरायची युनियन हाय."

"आणखी कोण कोण घालतं?"

"ज्याचा नंबर लागला तो."

मी जमादारांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"प्रमुख कोण?"

"ताई."

"ताईचं ठिकाण?"

"कॉलेजामागची खोली. पण साहेब, मले बाराच्या आत खामगावले पोहचा लागते. कंपनीत मुलाखत हाय. माय शाळेत खिचडी शिजवते, घरात नोकरीवाला कोणीच नाही. आता जाऊ द्या ना जी, संध्याकाळी मी सोता येतो."

"संध्याकाळी सोता कोणी येत नसतं," मी म्हणालो. हे वाक्य मी फार वर्षं वापरत होतो आणि ते नेहमी परिणामकारक ठरायचं. याही वेळी ठरलं. पोराचे डोळे भरले.

मग मी कोट जप्त केला. जमादार हळूच म्हणाले, "साहेब, आधी विचारपूस करून घेऊ." पण पंचनामा हा माझा आवडता विषय. दोन पंच बोलावले आणि झोकात मजकूर सांगितला: मरून रंगाचा कोट एक, डाव्या बाहीचं एक बटण वेगळ्या रंगाचं, खिशात कंगवा एक, पेन एक, लवंगा दोन, प्रयोजन अज्ञात. कोटाचं गाठोडं बांधून त्यावर पंचांच्या सह्यांचं लेबल लावलं आणि लाखेचं सील ठोकलं. असं सील माझ्या अख्ख्या नोकरीत पुन्हा जमलं नाही.

लाख वाळते न वाळते तोच ताई आली. मी वेगळीच ताई डोळ्यांपुढे आणली होती. ही चश्मेवाली, एम.ए.च्या वर्गातली मुलगी, युनियनची सचिव. न विचारता खुर्चीवर बसली.

"साहेब, आमचा कोट काऊन ठेवला?"

"तुमची युनियन करते काय?"

"मेंबरले जुनी पुस्तकं देते. परीक्षेच्या दिवसांत बाहेरगावच्या पोरायले डबा देते. एसटीचा पास काढून देते, मुलाखतीची तालीम घेते. आन् मुलाखतीले कोट देते. एकच आहे, म्हणून नंबर लावा लागतो."

"मग सगळे त्या दुकानात डोकावतात कशाला?"

ती माझ्याकडे असं पाहू लागली, जसं मास्तरीण ढ पोराकडे पाहते. "आमच्या खोलीत आरसा नाही, साहेब. स्टँडवर तेवढी एकच मोठी काच आहे. जन्मात पहिल्यांदा कोट घातलेलं पोरगं सोताले पाह्यणार नाही का?"

जमादारांना खोकला आला.

"आणि लवंगा?"

"मुलाखतीत तोंड सुकते. कोट वापस करणारा पुढच्यासाठी खिशात काहीतरी ठेवून जाते. आमची पद्धत आहे ती."

मी मोबाइलवाल्याला बोलावून घेतलं. तो आला तो घाम पुसतच. पोराला पाहिलं, ताईला पाहिलं आणि खालच्या मानेने म्हणाला, "फोन कालच भेटला, साहेब. जावई आले होते. पोरीले दाखवाले घेऊन गेले होते."

"मग ठाण्यात येऊन सांगितलं का नाही?"

"जावयाचं नाव पोलिसात कसं सांगू?"

"आणि या पोराचं सांगितलं ते?"

"याचं नाव तं मले मालूमच नव्हतं ना."

त्याला फैलावर घ्यायला मला वेळ नव्हता. साडेदहा वाजून गेले होते. पोरगा सुटला होता, पण कोट सुटत नव्हता. मुद्देमाल एकदा सीलबंद होऊन नोंदीत गेला की कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही. सील फोडलं असतं तर उद्या माझाच पंचनामा झाला असता.

पोरगा गाठोड्याकडे पाहत म्हणाला, "जाऊ द्या, ताई. शर्टावर जातो." शर्टाची कॉलर विटून पांढरी पडली होती.  ताई चश्म्यातून माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेपेक्षा एकवेळ वरिष्ठांची बोलणी बरी.

मी पोराला जीपमध्ये घातलं आणि थेट क्वार्टरवर नेलं. बायकोला म्हणालो, "माझा लग्नातला कोट काढ."

"आता? पुन्हा लग्न करून राह्यले का?"

सगळं ऐकल्यावर तिने पेटीच्या तळातून कोट काढला. चॉकलेटी, रुंद कॉलरचा, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा. पोराच्या अंगावर तो असा बसला की मला माझंच वाईट वाटलं.

"पाहा," बायको म्हणाली, "तुम्ही असे होते म्हणून मी हो म्हटलं होतं."

मग तिने त्याला आमच्या कपाटाच्या आरशासमोर उभं केलं. तो इकडून वळला, तिकडून वळला. निघताना तिने खिशात दोन लवंगा टाकल्या. प्रयोजन आता मला ज्ञात होतं.

खामगावच्या रस्त्याला मी जीप अशी हाणली, की तशी आयुष्यात कुठल्या आरोपीमागे हाणली नव्हती. कंपनीचं फाटक दिसू लागताच पोरगा म्हणाला, "साहेब, इथंच उतरवा. पोलीस गाडीतून उतरलो तं नोकरी देतीन का?"

तेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्याला ती नोकरी लागली. पहिल्या सुट्टीला तो कोट परत करायला आला, पण माझ्याकडे नाही, युनियनच्या खोलीत. त्याला वाटलं, कोट म्हणजे युनियनचा. मीही मागितला नाही. ताईने मला मेंबरचं कार्ड आणून दिलं. परीक्षेच्या काळात मला डबा मिळू शकतो, असं त्यावरून समजलं. मरून कोट पुढे कोर्टातून सुटला. त्याच्या कॉलरला लाखेचा डाग राहिला आहे. पोरं त्याला शुभ मानतात. खोलीत आता आरसा आहे, मोबाइलवाल्याने दिलेला. अर्थात, मी तो द्यायला लावला.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. अंगावरच्या कपड्यावरून माणूस हेरायची सवय पोलिसाला लागते. आणि गंमत अशी की आमची खाकीही तसलाच कोट आहे. नंबर लागला की घालायची, नंबर संपला की काढून पुढच्याला मोकळी करायची. खिशात त्याच्यासाठी काही ठेवलं की नाही, एवढंच आपल्या हातात.

निवृत्तीच्या निरोप समारंभाला साध्या कपड्यांत जायचं होतं. बायको म्हणाली, लग्नातला कोट घाला. पोट आत ओढून फोटोपुरता जमला असता. समारंभाच्या आदल्या दिवशी युनियनला फोन केला. आता तिथे दुसरी ताई होती.

"सर, तो चॉकलेटी कोट उद्यासाठी देला आहे. हिवरा आश्रमाकडच्या एका पोराची मुलाखत आहे."

"अगं, पण कोट माझाच आहे. आणि मी मेंबर आहे."

"मेंबर आहे म्हणूनच सांगते, नंबर लावा लागते. तुमची नोकरी संपून राह्यली, सर. त्याची तं लागाची आहे."

समारंभाच्या फोटोत सगळे कोटात आहेत आणि मधोमध मी, हाराखाली, बुशशर्टात. घरी आलेल्या पाहुण्यांना बायको तो फोटो दाखवते. कोणी विचारलंच तर म्हणते, "ह्यायचा कोट त्या दिवशी ड्युटीवर होता."